काळाची क्षमा

पडलेल्या वास्तूची माणसाला ओढ का वाटावी, हा प्रश्न वरवर सौंदर्याचा दिसतो. थोडा उकलला की तो नीतीचा निघतो. नांदत्या राजवाड्यापुढे आपण संकोचतो. तेथे कोणाची तरी सत्ता चालू असते, कोणी तरी हुकूम सोडत असते आणि कोणी तरी तो निमूटपणे झेलत असते. तोच वाडा पडला, चौथऱ्यावर गवत माजले, की आपले मन मोकळे होते आणि आपण त्याला सुंदर म्हणू लागतो. ज्या भिंतींनी एके काळी माणसांना धाक घातला त्याच भिंतींवर पाठ टेकून आपण सूर्यास्त पाहतो. वास्तूचे दगड तेच असतात. बदल होतो तो एवढाच, की भ्यालेली माणसे आता तेथे नसतात. मग त्यांच्या गैरहजेरीवर उभा असलेला हा आनंद निर्दोष म्हणावा काय?

स्वदेशातल्या अवशेषांत हा प्रश्न नीट विचारता येत नाही. सह्याद्रीतल्या गडावरच्या जोत्यांवरून हिंडताना मराठी माणसाचा ऊर अभिमानाने भरून येतो, आणि अभिमान हा मोठा बोलका सोबती आहे. तो दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही. परक्याच्या पडक्या किल्ल्यात आपला अभिमानही नसतो आणि आपले गाऱ्हाणेही नसते. जपानातील ताकेदा किल्ल्यावर मला हा प्रश्न उघडा भेटला, तो बहुधा यामुळेच.

हिमेजीहून उत्तरेकडे जाणाऱ्या लहानशा रेल्वेमार्गावर, ह्योगो प्रांतात आसागो म्हणून नगर आहे. त्यातल्या ताकेदा गावाच्या पाठीशी ३५३.७ मीटर उंचीचा एक डोंगर आहे. त्याचे नाव कोजोझान, म्हणजे 'जुन्या किल्ल्याचा डोंगर'. किल्ला इतका जुना झाला, की डोंगराने आपले नावही त्याच्या पडण्यावरून घेतले! आंजारून बसलेल्या वाघासारखा दिसतो म्हणून किल्ल्याला 'निजलेल्या वाघाचा गड' असेही म्हणतात. स्थानकामागे बौद्ध मंदिरांची एक ओळ आहे. तेथून चढ सुरू होतो आणि तो छातीची परीक्षा पाहतो. माथ्यावर दक्षिणोत्तर सुमारे ४०० मीटर आणि पूर्वपश्चिम सुमारे १०० मीटर पसरलेली दगडी बांधणी आहे. मध्यभागी मुख्य बुरुजाचा चौथरा. दोन टोकांना, चटया मोजून जागा सांगण्याच्या तिकडच्या रीतीप्रमाणे, 'हजार चटयांची' म्हटलेली पटांगणे. लाकडी इमारतींपैकी आज एकही नाही. उरले आहेत ते फक्त पाये, पायऱ्या आणि तट.

शरद ऋतूत, रात्र गार आणि दिवस ऊबदार असला, म्हणजे पहाटे खालच्या मारुयामा नदीची वाफ थिजून सगळे खोरे धुक्याने भरते. समोरच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला तेव्हा हा माथा ढगांच्या समुद्रातल्या बेटासारखा दिसतो. गाव दिसत नाही, शेते दिसत नाहीत, रस्ता दिसत नाही. फक्त किल्ला दिसतो. हे दृश्य विलक्षण सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ते कशामुळे सुंदर झाले आहे, हेही पाहिले पाहिजे. खालचे सगळे झाकले गेले, म्हणून वरचे असे तरंगते आहे.

आणि खालचे काय होते? किल्ल्याच्या बांधकामावर शेतकऱ्यांना इतकी वर्षे राबवले, की ओसाड पडलेल्या भाताच्या खाचरांत पाइनची झाडे उगवली, अशी त्या भागातली आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण ज्याच्या हाती लेखणी नव्हती त्याची साक्ष बहुधा आख्यायिकेतच नोंदलेली असते. भाताच्या खाचरात झाड उगवणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. एका हंगामाने झाड होत नाही. घरातली माणसे किती पावसाळे डोंगरावर दगड वाहत होती, याचे ते मोजमाप आहे.

आज दिसणारे तट सोळाव्या शतकाच्या अखेरचे मानतात, आणि ते बिवा सरोवराकाठच्या आनो येथील पाथरवटांच्या पद्धतीचे आहेत. या पद्धतीत दगड घडवून चौकोनी करीत नाहीत. जसा मिळाला तसा घेऊन, त्याचा कल ओळखून दुसऱ्याशेजारी बसवतात आणि फटींत लहान दगड भरतात. चुना नाही, माती नाही. पावसाचे पाणी सांध्यांतून निथळून जाते, त्यामुळे भिंतीला फुगारा धरत नाही. चारशे वर्षांच्या पावसाला आणि भूकंपांना तोंड देऊन त्या उभ्या आहेत. धन्याचे राज्य गेले, त्याचा वाडा गेला. ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत अशा हातांचे काम तेवढे राहिले. येथे मनाला क्षणभर वाटते, की काळाने हा न्यायच केला. पण हा न्याय त्या हातांच्या पदरात पडला नाही. न्याय झाला हे आपल्याला दिसले. ज्यांना मिळायला हवा होता त्यांना नाही.

या गडाचा शेवटचा धनी आकामात्सु हिरोहिदे. तो दुष्ट असता, तर आपला निकाल सोपा होता. पण १५९७ मध्ये, हिदेयोशीने कोरियावर केलेल्या दुसऱ्या स्वारीत, कांग हांग नावाचा एक कोरियन पंडित कैद होऊन जपानात आला. हिरोहिदे हा हिदेयोशीचाच मांडलिक. तरी फुजिवारा सेइका या विद्वानासह त्याने या कैद्याशी मैत्री जोडली, कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथांच्या प्रती त्याच्याकडून लिहवून घेतल्या, आणि १६०० मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा या दोघांचे साहाय्य त्याला झाले होते. त्याच वर्षी सेकिगाहाराचे युद्ध झाले. हिरोहिदे प्रथम पराभूत पक्षात होता; मग जेत्यांच्या बाजूने तोत्तोरीवर चालून गेला. तेथे किल्ल्याखालचे गाव जळाले. त्या आगीचा ठपका इएयासूने त्याच्यावर ठेवला आणि त्याला पोट चिरून मरावे लागले. दोष खरोखर त्याचा, की दुसऱ्या कोणी त्याच्यावर ढकललेला, याविषयी दुमत आहे. गड ओस पडला तो तेव्हापासून.

आता या माणसाला आपण कोणत्या पारड्यात टाकणार? परदेशी कैद्याला गुरू मानणारा हाच. गाव जाळल्याचा आरोप आला तोही याच्यावर. आणि ज्यांच्या घामाने तट उभे राहिले त्यांच्या शेतांची कहाणीही याच डोंगराला चिकटलेली. पायथ्याच्या एका मंदिरात त्याचे स्मारक आहे आणि गाव त्याला भला धनी म्हणून आठवते. त्याच गावाने उजाड खाचरांची गोष्टही सांभाळली. दोन्ही आठवणी एकमेकींना खोडत नाहीत, शेजारी शेजारी बसतात. आनोच्या भिंतीतल्या न घडवलेल्या दगडांप्रमाणे.

लोक म्हणतात, काळ सर्वांना क्षमा करतो. मला हे खरे वाटत नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. काळाचे कोणी काय नेले होते? काळ इतकेच करतो, की फिर्यादी आणि आरोपी दोघांनाही उठवून नेतो आणि कचेरी रिकामी करतो. रिकाम्या कचेरीतल्या शांततेला आपण निर्दोष सुटका समजतो. भग्नावशेषांतले सौंदर्य खोटे नाही. पण त्या सौंदर्याचा निकालपत्रासारखा उपयोग करणे खोटे आहे.

मग किल्ला पुन्हा बांधावा काय? जपानात तेही झाले आहे. ओसाकाचा बुरुज १९३१ मध्ये आणि नागोयाचा १९५९ मध्ये सिमेंट-काँक्रीटचा उभा राहिला. दुसरीकडे इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी नवे बांधतात; अलीकडे ते २०१३ मध्ये बांधले. तेथे लाकूड बदलते, पण सुताराची विद्या बापाकडून मुलाकडे जाते. म्हणून ती पुनर्रचना खरी वाटते. ताकेदावर उद्या बुरुज बांधला, तर सत्तेचा डौल परत येईल. राबणारी माणसे, ओसाड खाचरे आणि ती भीती परत येणार नाही. निम्मेच सत्य उभारणे म्हणजे असत्याला मजला चढवणे होय. त्यापेक्षा रिकामा चौथरा प्रामाणिक आहे. काहीतरी येथे होते आणि ते गेले, एवढेच तो सांगतो.

परंतु रिकामे ठेवणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. १९४३ मध्ये हे स्थान राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. पुढे धुक्यातल्या दृश्याची कीर्ती पसरली आणि एका वर्षात लाखो माणसे चढून येऊ लागली. त्यांच्या पावलांनी माती झिजली, गवत गेले, जमिनीखाली गाडलेले कौलांचे तुकडे वर आले. मग ठरावीक वाट आखावी लागली, जमिनीवर आच्छादन घालावे लागले, प्रवेशासाठी पैसे घ्यावे लागले. त्या आखलेल्या वाटेवरून चालताना मला पहिल्याने थोडी अडचण झाली. नंतर तीच मला त्या गडावरची सर्वांत शहाणी गोष्ट वाटली. चार शतके शत्रूंवाचून राहिलेल्या या गडाला चाहत्यांपासून जपावे लागले. जो आनंद आपण फुकट समजत होतो, त्याचीही किंमत कोणी तरी भरतच होते; या खेपेस ती माती भरत होती.

तेव्हा अवशेषांत रमू नये, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारा माणूस एक तर खोटे बोलत असतो, किंवा त्याला डोळे नसतात. रमावे, पण आपण कोणाच्या अंगणात बसलो आहोत, हे ठाऊक ठेवून रमावे. फिर्याद करणारे उरले नाहीत म्हणून फिर्याद मिटली असे धरू नये. ती ऐकून घेण्याचे काम वारशाने आपल्याकडे आले आहे, आणि त्या ऋणातून काळ आपल्याला मुक्त करत नाही. धुके सुंदर असते. पण सूर्य वर आला की ते विरते आणि खाली भाताची खाचरे दिसू लागतात. गड पाहायला आलेल्याने तोवर थांबले पाहिजे.