चार ग्रॅम

दोन्ही गाड्या काट्यावर सारख्याच भरल्या, पाच औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. पाइनवुड डर्बी या छोट्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीत याहून जड गाडी चालत नाही. तरीही घरच्या उतारावर नवी गाडी दर वेळी जुनीच्या पुढे जायची. अमेरिकेतल्या एका छोट्या कब स्काउटला, म्हणजे बालवीराला, हे कोडं काही सुटेना.

त्याची आई कारखान्यात लेथवर काम करायची. नव्या गाडीची प्लॅस्टिकची चाकं तिनंच आतून कातली होती. अडीच ग्रॅमच्या आसपासचं एकेक चाक ग्रॅमभरानं हलकं झालं होतं. कमी झालेले चार ग्रॅम तिनं गाडीच्या मागच्या भागात धातूचा तुकडा बसवून भरून काढले होते.

"वजन तेवढंच आहे, मग ही पुढे का जाते?"

"वजन तेवढंच, पण बसलंय कुठं ते बघ. उतारावरून मिळते तेवढीच ऊर्जा गाडीपाशी असते. लाकडाला नुसतं पुढं जायचं असतं. चाकाच्या काठाला पुढंही जायचं असतं आणि स्वतःभोवती फिरायचंही असतं. काठावरच्या ग्रॅमला पळवायला दोन ग्रॅमचा खर्च येतो."

त्याचा विश्वास बसेना. तेव्हा तिनं सारख्याच वजनाचं एक कडं आणि एक भरीव चकती फळीवरून सोडली. चकती आधी खाली पोचली. कड्याचं सगळं वजन काठावर, त्यामुळे त्याची जास्त ऊर्जा फिरण्यातच गेली. पोरानं ते पुन्हा पुन्हा सोडून पाहिलं आणि खूश होऊन नवी गाडी घेऊन वरच्या मजल्यावरच्या मित्राकडे पळाला.

मित्राची गाडी मागे पडली. पुन्हा लावली, पुन्हा मागेच. मित्रानं ती चाकं हातात घेऊन निरखली. "आमच्याकडे लेथ नाही," एवढंच तो म्हणाला.

त्यांच्या तुकडीच्या नियमांत चाकं कातायला मनाई नव्हती. पण ही शर्यत निघाली कशी, हे पोराला ठाऊक होतं. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचच्या डॉन मर्फींचा मुलगा सोप बॉक्स डर्बीच्या मोठ्या गाड्यांसाठी वयानं लहान पडला, म्हणून १९५३ मध्ये त्यांनी ही छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत सुरू केली. शर्यतीबाहेर राहिलेल्या पोरासाठी निघालेला हा खेळ आहे, आणि मला तरी त्याची सगळी थोरवी यातच दिसते.

रात्री त्यानं कातलेली चाकं काढून आईपुढं ठेवली. तिनं कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि स्वतःच मागच्या भागातले चार ग्रॅम काढून दिले.

दुसऱ्या दिवशी दोघं पोरं वरच्या मजल्यावर फरशीवर बसली. आस म्हणून वापरायच्या खिळ्यांच्या डोक्याखालचे बारीक कंगोरे त्यांनी कानशीनं काढले, बारीक पॉलिश कागदानं खिळे चकचकीत केले, चाकांच्या भोकांत ग्रॅफाइटची पूड सोडली. वजन जितकं मागे, तितकं ते उतारावर सुरुवातीला उंच राहतं आणि ऊर्जा जास्त मिळते, हे त्यानं मित्राला, तो स्वतः कडं न् चकतीवरून शिकला तसंच, करून दाखवून शिकवलं.

शर्यतीच्या दिवशी मित्राची गाडी सेकंदाच्या काही शतांशांनी पुढे गेली. पोरगा धावत शेवटच्या रेषेशी पोचला, ती गाडी उचलून त्यानं चाक फिरवलं आणि कान लावून ऐकलं.

"पुढचा डावा खिळा कसा घासलास? मला दाखव."