आजचं चिंतन : गीता १७.५-६, उपास नक्की कोण करतंय?



आजचे दोन श्लोक कडक आहेत. भगवंत म्हणतात की शास्त्रात न सांगितलेलं घोर तप जे लोक दंभ आणि अहंकारापोटी करतात, ते शरीराला तर छळतातच, पण त्या शरीरात राहणाऱ्या मलाही छळतात. त्यांचा निश्चय आसुरी समजावा. आपण सहसा हे काट्यांवर झोपणाऱ्या कुणा साधूबद्दल आहे असं धरतो आणि पान उलटतो.

यंदा मात्र ते आमच्या खामगावच्या घरी, जेवणाच्या ताटाशेजारी बसून वाचले गेले. मावसभावाची मुलगी, वय सोळा. (तिला विचारूनच लिहितोय. नाव लिहिणार नाही.) आधी एकादशी, मग गुरुवार, मग चतुर्थी, मग सोमवारही. उपासाचं ताटही हळूहळू रिकामं होत गेलं. साबुदाणा नको, तूप नको, केळं अर्धंच. येणारे-जाणारे कौतुक करायचे, एवढ्या लहान वयात केवढी श्रद्धा! पुढे पाळी थांबली, हातपाय गार पडायला लागले, केस गळायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, ॲनोरेक्सिया. आजाराने भक्तीचे कपडे घातले होते, आणि आपल्याकडे त्या कपड्यांना कुणी प्रश्न विचारत नाही.

उपचार म्हणून जे सांगितलं ते ऐकून घर गोंधळलं. काही महिने ताट आई-बाबा वाढणार. काय आणि किती, हे तेच ठरवणार. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा खाणं, आणि ताट संपेपर्यंत कुणीतरी सोबत बसणार. ही पद्धत लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात आकाराला आली. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७० च्या दशकात, या आजाराला नाव देणारे विल्यम गल हे डॉक्टर म्हणत होते की अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सर्वांत वाईट. मॉड्सलीने ते नेमकं उलटं केलं आणि आई-बापांनाच कामाला लावलं.

आता खरा प्रश्न. तिच्या मोठ्या भावाने तो मला फोनवर विचारला. "काका, ती नको म्हणतेय आणि आपण खायलाच लावतोय. ही हिंसा नाही का? आणि एकादशी मोडली तर पाप कुणाला?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. विदुरनीतीत आठ गोष्टी दिल्यात ज्यांनी व्रत मोडत नाही. त्यात पाणी, दूध, फळं आहेत, तसंच गुरूचं वचन आहे आणि औषधही आहे. तैत्तिरीय उपनिषद तर अन्नालाच सर्वौषध म्हणतं. डॉक्टरही तेच म्हणाले, हिचं औषध म्हणजे वरण-भात-तूप. विषय संपला.

पहिला प्रश्न अवघड. मला एका प्रयोगाची आठवण झाली. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसभर अन्नाचाच विचार, पाककृतींची पुस्तकं चाळत बसणं, जेवण लांबवत ताटावर रेंगाळणं. म्हणजे यातला बराचसा "हट्ट" स्वभावाचा नसतो, भुकेचा असतो. ज्या मनाची संमती आपण मागतोय, तेच मन उपाशी आहे. लॅपटॉप दोन टक्क्यांवर आला की आधी चार्जर लावतो, अपडेटची परवानगी मागत बसत नाही. (उपमा ऑफिसातली आहे, चालवून घ्या.)

म्हणून मला गीतेची रचनाच इथे उपयोगी वाटते. हवं तसं कर, हे स्वातंत्र्य भगवंत अर्जुनाला देतात ते अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर. पहिल्या अध्यायात अर्जुनाचं तोंड कोरडं पडलंय, धनुष्य हातातून सुटतंय, तेव्हा देत नाहीत. तेव्हा ते त्याला खडसावतात आणि रथ सोडून जात नाहीत. उपचाराचंही तसंच आहे. वजन सावरलं की ताट थोडंथोडं तिच्या हातात परत द्यायचं. आधी एक खाणं, मग एक जेवण, मग मैत्रिणींसोबत कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. जे काढून घेतलं ते परत द्यायचं ठरलेलंच असतं. परत द्यायचा विचारच नसेल तर मात्र ती हुकूमत, आणि मग भावाचा प्रश्न बरोबर.

शिवाय जबरदस्ती म्हणजे तोंडात कोंबणं नाही, ओरडणं तर नाहीच. तिच्या बाबांनी दुकान दुपारी बंद ठेवलं आणि शेजारी बसून राहिले. दीड-दीड तास. तिने ताट ढकललं, वाट्टेल ते बोलली. ते एवढंच म्हणायचे, "हे तू नाही बोलत बेटा, आजार बोलतोय. मी बसलोय." श्रीगजानन विजय ग्रंथातले भाऊ कवर आठवा. अकोल्याहून भाकरी घेऊन निघाले, गाडी चुकली, आणि इकडे शेगावात महाराज नैवेद्याची ताटं बाजूला ठेवून चौथ्या प्रहरापर्यंत त्याच भाकरीसाठी थांबले. कुणाच्या तरी घासासाठी थांबणं, एवढंच ते काम.

एक सांगून ठेवतो. आजचा श्लोक अशा मुलीच्या तोंडावर फेकू नका. त्यात दंभ आणि अहंकार म्हटलंय. हिच्याकडे दोन्ही नाहीत, नुसती भीती आहे. आसुरी निश्चय आजाराचा आहे, तिचा नाही. श्लोकातलं तिच्यासाठी एवढंच, की आत कुणीतरी राहतंय आणि तोही उपाशी आहे.

आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं, नाडी मंद असेल तर आधी भरती करावं लागतं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६.

तिच्या आजीची एकादशी कित्येक वर्षांची. घरात एकाचं ताट वेगळं दिसलं की नातीला निमित्त मिळतं, हे तिच्या लक्षात आलं. कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या एकादशीला तिने तुळशीला पाणी घातलं, हरिपाठ म्हटला आणि नातीशेजारी पाट मांडला. "काहून पाहतं वं माय? वाढ मलेबी."