मदतीची अट

परोपकार हा सद्गुण आहे याविषयीं फारसा मतभेद नाहीं. मतभेद होतो तो परोपकारास पात्र कोण, ह्या प्रश्नावर. वादळांत सांपडून कोणी बुडत असेल तर आपण तात्काळ दोर फेकतों. पण ‘नको’ म्हटलें असतां पाण्यांत उतरलेला मनुष्य बुडूं लागला, तर दोर टाकण्यापूर्वीं त्याला चार शब्द ऐकवावे असें पुष्कळांस वाटतें. आणि तो उद्यां पुन्हां उतरणार आहे असें कळलें, तर दोर देणें म्हणजे त्याच्या अविचारास उत्तेजन देणेंच नव्हे काय, असा प्रश्न उभा राहतो. ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथें एका अवघड उदाहरणाच्या आधारें करणार आहों. तें उदाहरण असें आहे कीं सुशिक्षित घरांत त्याचें नांवही सहसा निघत नाहीं. पण तत्त्वाची पारख सोप्या उदाहरणांवर होत नसते.

लंडनमधील समलिंगी पुरुषांच्या कांहीं वर्तुळांत ह्या शतकांत एक प्रघात वाढला. त्यास ‘केमसेक्स’ म्हणतात. मेफेड्रोन, क्रिस्टल मेथ, आणि नुसत्या ‘जी’ ह्या अक्षरानें ओळखलें जाणारें जीएचबी किंवा जीबीएल, यांपैकीं द्रव्यें घेऊन शरीरसंबंध ठेवणें, हा त्याचा अर्थ. अशी बैठक कधीं एक रात्र, तर कधीं दोनतीन दिवस चालते. पहिल्या दोन द्रव्यांनीं झोंप व भूक उडते आणि सावधपणा सुटतो. कोणी तीं सुईनें टोंचून घेतात, आणि एकाची सुई दुसऱ्यानें वापरली कीं एचआयव्ही व हेपॅटायटिस-सी यांस वाट मिळते. ‘जी’चा धोका निराळा. अंमल आणणारी मात्रा व बेशुद्ध करणारी मात्रा यांतील अंतर अगदीं थोडें. त्यांत मद्याची भर पडली तर श्वास बंद पडूं शकतो.

मनुष्य ह्या वाटेस कां जातो? सुखासाठीं, हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. लंडनच्या लॅम्बेथ, सदर्क व लुइशॅम ह्या भागांतील ३० पुरुषांच्या सविस्तर मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या देहाविषयींचा संकोच आणि आत्मविश्वासाचा अभाव हीं द्रव्यें तात्पुरतीं विसरावयास लावतात, असें त्यांतील कित्येकांच्या सांगण्यावरून दिसून आलें. लहानपणापासून ज्याला आपल्या प्रेमाची लाज बाळगावयास शिकविलें गेलें, त्याला दोन प्रहर लाजेवांचून जगावयाचें मिळालें, तर त्यासाठीं तो फार मोठी किंमत देण्यास तयार होतो. ती किंमत जड वाटूं लागली म्हणजे तो मदत शोधूं लागतो, आणि खरी अडचण तेथें सुरू होते. व्यसनमुक्तीच्या केंद्रांस मद्य व हेरॉइन यांची संवय. शय्येवरील गोष्ट तेथें कशी सांगावी? लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यांत ती सांगतां येते, पण तेथें ह्या द्रव्यांचें ज्ञान तोकडें. दारें दोन, आणि दोन्हींत तो अर्धाच मावतो.

ही अडचण ओळखून लंडनमध्यें कांहींनीं तिसरें दार उघडलें. सोहो भागांतील ‘५६ डीन स्ट्रीट’ हा सरकारी आरोग्यसेवेचा दवाखाना, आणि १९७२ पासून चालत आलेल्या ‘लंडन फ्रेंड’ ह्या संस्थेची ‘अँटिडोट’ ही शाखा, हीं त्यांतील प्रमुख नांवें. २०२२ सालीं निवर्तलेले डेव्हिड स्टुअर्ट यांनीं ह्या कामांत मोठा वाटा उचलला. ते स्वतः व्यसनांतून बाहेर आलेले होते. तेथें ‘सोडणार आहेस काय?’ हा पहिला प्रश्न नसतो. ‘तुला काय हवें आहे?’ हा असतो. एकाला कायमचें सोडावयाचें असतें. दुसऱ्याला एक महिना मोकळा घालवून पाहावयाचा असतो. तिसऱ्याला आज एवढेंच हवें असतें कीं मरूं नये. तिसऱ्यालाही उत्तर मिळतें: सुई ज्याची त्याचीच असावी, ‘जी’ एकट्यानें कधीं घेऊं नये आणि मद्याबरोबर तर मुळींच नाहीं, एचआयव्ही टाळण्यासाठीं आधीं घेण्याचें ‘प्रेप’ नांवाचें औषध आहे, आणि संसर्गाचा संभव घडून गेला तर ७२ तासांच्या आंत ‘पेप’ सुरू करतां येतें, कोणी बेशुद्ध पडला तर ‘झोंपला आहे’ म्हणून सोडूं नये, कुशीवर वळवावें आणि रुग्णवाहिका बोलवावी.

येथें आक्षेप येतो. हें ज्ञान देणें म्हणजे दुराचाराची सोय लावून देणें नव्हे काय? महाराष्ट्राला हा आक्षेप नवा नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें, तेव्हां ज्ञानानें अनीति माजेल हेंच त्यांस ऐकविलें गेलें. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मांडली. अनुभव काय सांगतो तेंही पाहावें. १९८० नंतरच्या वर्षांत एडिंबरो येथें पोलिसांच्या कडक धोरणामुळें स्वच्छ सुया दुर्मिळ झाल्या. टोंचून घेणें थांबलें नाहीं. तीच सुई अनेकांच्या हातीं फिरली, आणि १९८६ सालीं तेथील एका दवाखान्यांत तपासलेल्या हेरॉइनच्या व्यसनी लोकांपैकीं सुमारे निम्म्यांस एचआयव्हीची लागण आढळली. त्याच वर्षीं लिव्हरपूल येथें जुनी सुई घेऊन नवी देण्यास आरंभ झाला, आणि त्या भागांत ही लागण फारशी पसरली नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ठेंच लागूनच माणूस शहाणा होतो. ठेंच सौम्य केली तर शहाणपणही लांबतें. यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दुसऱ्यास धडा मिळावा म्हणून त्याला पडूं देण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? मेलेल्यास पश्चात्ताप होत नाहीं. मात्र ह्या आक्षेपांतून एक मर्यादा अवश्य घ्यावी. मदत करणाऱ्यानें धोका झांकून ठेवूं नये, आणि सोडावयाची वाट नेहमीं उघडी व समोर दिसती ठेवावी. ‘तुझें तूं पाहा’ असें म्हणून केवळ सुई हातीं देणें ही दया नव्हे, ती उदासीनता होय.

हा विलायतेचा प्रश्न आहे म्हणून आपणांस तो दूर सारतां येणार नाहीं. मेफेड्रोन मुंबईंत ‘म्याऊ म्याऊ’ ह्या नांवानें परिचित आहे, आणि २०१५ सालीं तें अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणावें लागलें. सेवन हा गुन्हा आहेच. पण व्यसनी मनुष्य आपण होऊन उपचारास गेला तर त्यास खटल्यापासून संरक्षण देणारें ६४-अ हें कलम त्याच कायद्यांत आहे. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याच्या २२ व्या कलमानें, सरकारी मार्गदर्शनानुसार संसर्गाचा धोका कमी करण्याचे उपाय गुन्हा ठरणार नाहींत असें सांगितलें आहे. प्रौढांच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पुसला. मुंबईंत ‘हमसफर ट्रस्ट’ १९९४ पासून काम करीत आहे. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीच्या समुपदेशनाचीं व तपासणीचीं केंद्रें आहेत. व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. म्हणजे कायदा पुष्कळ पुढें गेला आहे. मागें राहिलें आहे तें आपलें घर.

हें आम्ही कां म्हणतों? कल्पना करावी: एका खोलींत एक तरुण जमिनीवर पडला आहे, श्वास घरघरतो आहे. बाकीचे एकमेकांकडे पाहतात. १०८ हा क्रमांक सर्वांस ठाऊक आहे. हात अडतो तो भयानें: पोलीस येतील, घरमालकास कळेल, आणि सर्वांत मोठें भय, वडिलांस कळेल. ‘असल्या लोकांविषयीं’ त्यांच्या घरीं जेवतांना वर्षानुवर्षें जें बोललें गेलें, तें त्या क्षणीं त्यांस ऐकूं येत असतें. तीं मिनिटें त्या बोलण्यानें खाल्लीं जातात.

म्हणून मदतीला सुधारण्याची पूर्वअट घालणें आम्हांस नीतीच्याच दृष्टीनें चुकीचें वाटतें. सुधारणा हें मदतीचें फळ असूं शकेल. ती मदतीची किंमत असूं नये. एखाद्याचें वर्तन आपणांस नापसंत आहे, हें त्याला स्पष्ट सांगण्याचा अधिकार घरास आहे. पण त्याबरोबर आणखी एक वाक्य आपल्या मुलांस आजच सांगून ठेवावें: काय झालें, कोठें झालें, कोणाबरोबर झालें, हें मागाहून पाहूं, जीव धोक्यांत असेल तर आधीं रुग्णवाहिका बोलवा, आणि मग आम्हांला बोलवा. आम्ही येऊं.