गरिबाला लबाड असू द्या

डहाणू-तलासरीच्या पट्ट्याबद्दल कोणी विचारलं तर मला आधी आठवतात ती दोन पुस्तकं, आणि त्यांतली एकही कादंबरी नाही. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. दोघीही बाहेरून आल्या, पण पाहुण्यासारख्या राहिल्या नाहीत. १९४५ साली झरीला वारली जमले, वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी गडी म्हणून राबवून घेणारी लग्नगडीची पद्धत मोडायला उभे राहिले, हे उरलेल्या महाराष्ट्राला घरबसल्या उमगलं ते परुळेकरबाईंमुळे.

पण चळवळीच्या पुस्तकाला साक्षीदार लागतो. ज्याच्यावर जुलूम झाला तो निर्मळच असावा लागतो, नाहीतर सावकाराचा वकील टपलेलाच असतो. कादंबरीला असला निर्मळ माणूस पचत नाही. तिला भावाच्या वाट्यावर डोळा ठेवणारा, शेजारणीवर जळणारा, वेळेला खोटं बोलणारा माणूस हवा. आणि गरीब मुलखांवरच्या कथा नेमकं तेच टाळतात. दोमिनिक लापिएरच्या ‘सिटी ऑफ जॉय’मधली कोलकात्याची माणसं इतकी सोशिक आहेत की वाचताना आपल्यालाच ओशाळं वाटतं. अरविंद अडिगांनी ‘द व्हाइट टायगर’मध्ये (२००८) ड्रायव्हरच्या हातून मालकाचा खून करवला, तेव्हा देशाची बदनामी झाल्याची ओरड झाली. मला त्यातला गाव बराचसा बेतीव वाटतो. तरी नोकराला लेखकाने धूर्त होऊ दिलं, हे काही कमी नाही.

याच डहाणू पट्ट्यातल्या नरपडच्या चिकूच्या वाडीत दुपारी बाया माल निवडायला बसतात. मोठा वेगळा, बारका वेगळा, डागी बाजूला. हाताला चीक लागलेला असतो, तोंड चालू असतं. एकीच्या जावयाने नवी मोटरसायकल घेतली, ती हप्त्यावर की सासऱ्याच्या पैशांनी, यावर बाकीच्या तिची यथेच्छ फिरकी घेतात. मुकादमाची नक्कल तर ठरलेलीच. मजुरी कमी आहे, हे त्यांना कोणी सांगायला नको. पण लेखक आला की त्याच्या वहीत फक्त मजुरीच उतरते. वारली चित्रांचंही तेच झालं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदभर पसरलेलं मासेमारीचं जाळं रंगवलं, शेतं रंगवली. शहराने तारपा नाच तेवढा उचलला आणि कपांवर छापला.

आता याच किनाऱ्यावर वाढवण बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. यावर कादंबरी येईल, आणि तिच्यात एक म्हातारा नाखवा असेलच, समुद्राकडे बघत बसलेला. मला मात्र त्याच्या मुलाबद्दल वाचायचंय. तो मोर्चात बापाशेजारी उभा राहून घोषणा देतो, आणि बंदरातल्या नोकरीसाठी कुठला कोर्स लागतो, याची चौकशी मित्राच्या फोनवरून करतो, घरी कळू नये म्हणून.