शिक्षा आणि शिक्का

पळस्पे फाट्यावर, जिथे पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता एकमेकांचा निरोप घेतात, तिथे पेणच्या गाडीसाठी ताटकळत उभ्या असलेल्या आम्हा पाचसहा जणांपुढे एका तरुणाने आपला मोबाइल धरला आणि सुट्या पैशांवरून एका म्हातारीला अर्वाच्य शिव्या देणारा एक रिक्षावाला दाखवला. त्यावर व्हायचा तेवढा संताप होऊन गेल्यावर त्याने दुसरी क्लिप लावली, जीत तोच रिक्षावाला हात जोडून, मान खाली घालून, कॅमेऱ्यामागचा कोणी सांगेल ती वाक्ये एकेक करून उच्चारीत माफी मागत होता. पहिलीवर मंडळी चिडली होती, दुसरीवर हसली. मी विचारले, “कधीचं रे हे?” तो म्हणाला, “असेल दोनतीन वर्षांपूर्वीचं. पण खरं आहे ना, काका!”

समाजमाध्यमांवरील बदनामीविषयी सध्या जी चर्चा चालते, तीत या ‘खरं आहे ना’पुढे सारेच निरुत्तर होतात. ही माध्यमे बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसण्याचे कारण नाही, आणि मुलांवर संस्कार करा हा उपदेश इतका निरुपद्रवी आहे की त्याला विरोधसुद्धा करता येत नाही. खरेपणाचा हा पक्ष मात्र तसा झटकून टाकता येत नाही. कारण तो प्रतिष्ठित आहे, नीतीची भाषा बोलतो, आणि काही काळ तो मलाही बिनतोड वाटत असे.

पण ज्या कायद्याच्या बळावर आपण अब्रूचे खटले चालवीत आलो, त्या १८६० च्या दंडसंहितेनेही खरेपणाला सरसकट माफी दिलेली नाही. कलम ४९९ च्या पहिल्याच अपवादात अट दुहेरी आहे: आरोप खरा असावा, आणि तो प्रसिद्ध करण्यात लोकहितही असावे. आजच्या न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ती तशीच कायम आहे. शिवाय क्लिप खरी आहे म्हणजे किती खरी आहे? ‘हा असा वागला’ एवढीच तिची साक्ष. पाहणारा मात्र ‘हा असा आहे’ असा निवाडा देऊन मोकळा होतो, आणि ‘वागला’चा ‘आहे’ कुठे झाला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोणी म्हणेल, केल्या कर्माची फळे आहेत, भोगावीत. परंतु कर्माचा सिद्धान्त ज्यांनी मांडला त्यांनीच भोगाने कर्माचा क्षय होतो असेही सांगून ठेवले आहे, आणि या नव्या भोगाने तर काहीच क्षीण होत नाही. चौकीवर ज्याची फिर्याद लिहून घेत नाहीत त्याने चव्हाट्यावर ओरडावे, हे मला निःशंक मान्य आहे. दुबळ्याजवळ पुष्कळदा तेवढेच शस्त्र असते. पण फिर्यादीला दाद हवी असते, आणि तिसऱ्या वर्षी फाट्यावर क्लिप दाखवणाऱ्याचे कोणी काही लागत नसते. त्याला करमणूक हवी असते.

जुना चव्हाटा कसा होता तेही पाहावे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये झालेला चहा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापवली. कोणी चहा प्याला होता, कोणी भिडेखातर पेला नुसता हाती घेतला होता. यादीत हा फरक उरला नाही. ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, माजले, शंकराचार्यांनी चौकशी नेमली, टिळकांनी काशीत घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार दाखवला, आणि रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेऊन सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला. अपराध हास्यास्पद होता यात वाद नाही. परंतु आरोप, चौकशी, प्रायश्चित्त आणि पंक्ती असा त्या जाचालाही एक क्रम होता, आणि त्यातील शेवटची पायरी आरोप करणारांवर बंधनकारक होती: बोट दाखवणाऱ्यालाच शेजारी पाट मांडून बसणे भाग पडे. मनातली अढी गेली नसेलही; प्रकरण मात्र फैसल होई.

मी जो भेद करू पाहतो तो येथे आहे. शिक्षा कितीही कठोर असो, तिला मुदत असते, ती देणारा कोणी असतो, आणि ती भोगून झाली असे म्हणता येते; शिक्क्याला यांपैकी काहीच नसते. माफीचीच गोष्ट घ्या. पूर्वी माफीनामा लिहून दिला की दप्तर बंद होई; आता तोच दप्तरातला दुसरा पुरावा होऊन पहिल्याच्या जोडीने फिरतो. आमच्या रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली, आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची व लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद घेऊन आला तो अगदी हवाच होता. गावकीची तरफदारी माझ्याकडून व्हायची नाही. तरीसुद्धा त्या गावकीपाशी दंडाचा एक आकडा असे, आणि अर्ज कोणापुढे न्यायचा हे वाळीत पडलेल्याला ठाऊक असे. रिक्षावाल्याने अर्ज कोणाच्या नावे लिहावा?

आणि शिक्का बसायला अपराध लागतोच असेही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या पसंत केल्या, एवढ्यावर दोघींना अटक झाली, एकीच्या चुलत्याच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा टिकला नाही, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ च रद्द केले. राज्याने आपली चूक इतक्या परींनी दुरुस्त केल्यावरही त्या दोघींची नावे शोधली की प्रथम समोर येते ती अटक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. पण एखाद्या व्यक्तीने आपल्या खाजगी वा घरगुती कामासाठी बाळगलेल्या माहितीला तो कायदाच लागू नाही, म्हणजे गावच्या ग्रुपवरचा काका आणि फाट्यावरचा तरुण बहुधा त्याच्या कक्षेबाहेरच राहणार.

पेणची गाडी आली. चढता चढता मी त्या तरुणाला म्हटले, “पुढे पाठवायचीच असेल तर खाली तारीख तरी टाक.”

“तारीख टाकली तर कोण बघेल, काका?” तो म्हणाला, आणि मला खिडकीची जागा करून दिली.