गृहस्थाची सहावी हिंसा

गेल्या चैत्रात सोलापूरजवळच्या एका गावी आमचे कीर्तन होते. आरती झाल्यावर एक माळकरी तरुण जवळ येऊन बसला. म्हणाला, "बुवा, माळवद उतरवून स्लॅब टाकायचा इचार हाय. आई म्हणती, बापजाद्याचं घर पाडू नगं. धर्म काय सांगतो?" त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ निभावली. घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. म्हणून ते उत्तर आता येथे देतो.

धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरात हिंसेची पाच स्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यांना पंचसूना म्हणतात. जगायचे म्हटले की तेथे जीव मरायचेच. त्याच्या क्षालनासाठी रोजचे पंचमहायज्ञ. चूल विझवा, असे शास्त्र म्हणत नाही. हिंसा घडते हे ओळखा आणि तिचे देणे फेडा, एवढेच म्हणते. आमच्या अल्पमतीला वाटते, आजच्या काळी घर हेच सहावे स्थान झाले आहे.

कसे ते पाहा. स्लॅबला वाळू लागते. भीमेच्या पात्रातून वर्षानुवर्षे वाळू उपसली गेली, चोरूनही नेली गेली. ज्या वाळवंटात आपण टाळ घेऊन नाचतो, ते याच नदीचे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंशांपर्यंत भाजावी लागते. माणसे जगभर जो कार्बन वायू हवेत सोडतात, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटपायी. एवढे करून तो चार-पाच इंचांचा स्लॅब वैशाखात दिवसभर तापतो आणि रात्री ती आग खाली ओततो.

माळवदाचे तसे नव्हते. जाड भिंती, तुळया, कड्या, त्यांवर तुराट्या आणि वर हातभर पांढरी माती. बाहेर ४२ अंश असले तरी आत दुपारी डोळा लागे.

मग जुने तेवढे पवित्र म्हणावे काय? तसेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्ही विसरलो नाही. लोक गणपती बोळवून निजले होते. आम्ही सोलापुरात माळवदाखालीच होतो. फळीवरची भांडी खणखणली. तिकडे किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मातीवर माती चढून छते जड झाली होती, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींची आतली-बाहेरची अंगे सांधणारे आरपार दगड नव्हते. त्या भयाने पुढच्या वर्षी आम्हीही स्लॅब टाकला. वडील उन्हाळ्यात त्याखाली कधी निजले नाहीत. अंगणात बाज टाकीत. भय आमचे आणि ताप त्यांना!

आणि गरिबाला पक्के घर नको म्हणणारे आम्ही कोण? १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीच्या रे नगरात विणकर, विडी कामगार, कचरा वेचणारे अशा कष्टकऱ्यांसाठी १५,००० घरांचे लोकार्पण झाले. पत्र्याखाली जन्म काढलेल्यांना मातीचे गोडवे ऐकवणे ही दया नव्हे.

तेव्हा माती की सिमेंट, हा धर्माचा प्रश्नच नव्हे. आपल्या सावलीची किंमत कोण देतो, आणि ते देणे आपण फेडतो का, हा आहे. बाबा रे, जुनी भिंत ठेवायची तर आधी जाणत्या इंजिनिअरला दाखव. आरपार दगड घाल, वरचे ओझे उतरव. स्लॅबच टाकायचा तर लागेल तेवढाच टाक. वर पांढरा चुना फास, पश्चिमेला लिंब लाव. चोरीची वाळू स्वस्तात दाराशी आली तरी परत पाठव. १०० चौरस मीटर छतावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५०,००० लिटर पाणी पडते. ते विहिरीकडे वळव. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात तळे खोदविले ते साऱ्या गावासाठी. आपण आपल्या छताचे पाणी तरी गटारात घालू नये.

आणि पाया काढण्याआधी आईला विचार, "तू कुठं निजणार?" आम्ही वडिलांना ते विचारले नव्हते. इत्यलम्.