गळालेला टाका

॥ सद्गुरुनाथ महाराज की जय ॥



चातुर्मास सुरू झाला. बेळगाव-निपाणीकडे पावसाची झड लागली की घराघरांत लोकरीच्या पिशव्या बाहेर निघतात. आपल्या सत्संगातल्या कितीतरी मावश्या, अक्का निरूपण ऐकता ऐकता विणत असतात. आमची त्याला हरकत नाही; हात गुंतले की मन कमी भटकते. आज त्या विणकामावरच बोलू, त्यातही जाळीच्या विणीवर.

जाळी म्हणजे मुद्दाम ठेवलेली भोकं. सुईवर दोरा घेतला की भोक पडते आणि एक टाका वाढतो. मग जवळच दोन टाके एकत्र विणून तो कमी करायचा. हा हिशेब जुळला तर नक्षी, नाहीतर नुसतेच भोक. म्हणजे मोकळी जागा हा दोष नव्हे. घरातही चार माणसांत थोडे अंतर लागतेच की.

आता चूक झाली तर? विणणाऱ्या बायका सगळ्या चुकांना एकच औषध देत नाहीत, हे नीट बघा. टाका कुठे सैल, कुठे घट्ट पडला तर त्या तिकडे लक्षसुद्धा देत नाहीत. शाल धुऊन, टाचण्या लावून, ताणून वाळवली की तेवढे सारखे होते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटे आहेत. तिथल्या लेसच्या शाली इतक्या तलम की अंगठीतून ओढून काढता येतात. त्याही धुतल्यावर लाकडी चौकटीवर ताणून वाळवायची रीत होती. दुसरी चूक, दोरा घ्यायचा राहिला. पुढच्याच ओळीत ध्यानात आले तर दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचलून तिथल्या तिथे टाका करता येतो, उसवायला नको.

पण टाका गळाला तर तो खाली खाली उतरत जातो, मागे शिडी पडते. क्रोशाची सुई घालून एकेक पायरी वर आणावी लागते. जाळीत ते नेहमी जमत नाही, मग चार-सहा ओळी उसवणे आलेच. असा टाका धुऊन भरत नाही. उलट शाल ताणली की भोक जास्तच दिसते.

हे सांगायला कारण आहे. निपाणीच्या बैठकीत एका भगिनीने विचारले, "वाटणीच्या वेळी माझ्या तोंडून जावेला एक शब्द गेला. दोन वर्षं झाली, बोलणं नाही. मी रोज अकरा माळा करते. नामानं धुऊन निघेल न्हवं?"

आमचे उत्तर त्यांना कडू लागले असेल. नामाने आपले मन धुतले जाते, यात शंका नाही. पण तो शब्द आता जावेच्या घरात आहे. जप इथे आणि जखम तिथे, असे कसे चालेल? संकेश्वर काही लांब नाही, तवंदी घाट ओलांडला की आलेच. माळ पिशवीत घ्या आणि जा, असे सांगितले. नामाच्या आडोशाला बसून राहणे आम्हाला भक्ती वाटत नाही.

आणि गेल्यावर काय बोलायचे? आपल्या धारवाडकडच्या कशिद्याकडे बघा, इरकली लुगड्यावर असतो तो. कन्नडमध्ये कसुती. त्यात कापडाचे धागे मोजून टाका घालतात. गवंती टाक्यात सुई जाताना एक घर सोडत जाते आणि त्याच वाटेने परत येताना सोडलेली घरे भरते. उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या, आणि गाठ मारायची नाही. "मी चुकले, पण तुम्हीसुद्धा त्या दिवशी..." ही झाली गाठ. फक्त "मी चुकले" म्हणून थांबायचे.

"एवढी वर्षं केलेलं सगळं उसवलं तर?" त्यांनी विचारले. जाणत्या बायका नक्षीची एक फेरी पुरी झाली की सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक सुती दोरा ओवून ठेवतात. पुढे उसवावे लागले तरी वीण त्या दोऱ्यापाशी थांबते. आपला नित्यनेम हा तो दोरा. या मार्गावर केलेला प्रयत्न वाया जात नाही, असे भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगितलेच आहे. अकरा माळा फुकट गेल्या नाहीत. घाट ओलांडायचे बळ त्यातूनच यायचे.

गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. जाऊबाईंनी दार उघडले, चहा दिला, बोलल्या मात्र नाहीत. त्या श्रावणात परत जाणार आहेत.

॥ जय सद्गुरू ॥